निर्वासित मुलगी परराष्ट्रमंत्री कशी झाली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवगड तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात बायकांचा एक वाचक गट आहे. तिथे मॅडलीन अल्ब्राइट यांच्या आयुष्यावर बोलणं झालं आणि तेव्हापासून प्रश्न काही थांबत नाहीत. कुणी एस्टीच्या थांब्यावर विचारतं, कुणी आंब्याच्या पेट्या भरता भरता, तर शाळेतल्या मुली थेट घरी येतात. बहुतेक प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. मला या विषयाची ओढ आहे, ती लपवणार नाही. आपल्या बागांत आणि बंदरांवर परमुलखातून आलेली माणसं रोज दिसतात, आणि त्यांच्या पोरींकडे बघताना मला ही गोष्ट आठवत राहते.

ही बाई नेमकी कोण?

अमेरिकेची पहिली महिला परराष्ट्रमंत्री. जन्म १५ मे १९३७, प्राग शहर, तेव्हाचा चेकोस्लोव्हाकिया. जन्मनाव मारी याना कॉर्बेलोव्हा. दोनदा देश सोडावा लागला: पहिल्यांदा हिटलरमुळे, दुसऱ्यांदा कम्युनिस्ट राजवटीमुळे. अकरा वर्षांची असताना अमेरिकेत आली आणि २३ जानेवारी १९९७ रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, त्या देशाच्या परराष्ट्रमंत्रिपदाची शपथ घेतली. सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहात, मतं पडली ९९ विरुद्ध ०. २३ मार्च २०२२ रोजी त्यांचं निधन झालं.

दोनदा देश सोडला म्हणजे काय झालं?

वडील योसेफ कॉर्बेल चेकोस्लोव्हाकियाच्या परराष्ट्र खात्यात होते. १५ मार्च १९३९ ला जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या आणि दहाएक दिवसांत हे कुटुंब निसटून लंडनला पोचलं. मुलगी जेमतेम दोन वर्षांची. लंडनवर बॉम्ब पडत होते ती वर्षं तिने तिथेच काढली. सरकारने घराघरात आसऱ्यासाठी पोलादी टेबलं दिली होती, रात्री अख्खं कुटुंब त्याखाली झोपायचं.

१९४५ मध्ये युद्ध संपलं, ही मंडळी मायदेशी परतली. वडील युगोस्लाव्हियात राजदूत झाले. मुलगी शिकायला स्वित्झर्लंडला गेली, फ्रेंच शिकली, मॅडलीन हे नाव तिथलं. सगळं रांगेला लागतंय असं वाटत असतानाच फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रागमध्ये कम्युनिस्टांनी सत्ता ताब्यात घेतली. परतीचे दोर कापले गेले. ११ नोव्हेंबर १९४८ ला आई आणि भावंडांसह ती बोटीने न्यूयॉर्कला उतरली.

निर्वासित आणि पोटासाठी आलेला माणूस यांत फरक काय? आमची माणसंही मुंबईला, दुबईला गेलीच की.

गेली, आणि त्यांच्या मनिऑर्डरींवर कोकणातली किती घरं उभी राहिली हे आपल्याला कुणी सांगायला नको. पण चाकरमान्याला गणपतीत गावी येता येतं. निर्वासिताला येता येत नाही, खरा फरक एवढाच. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारात हे कायद्याच्या भाषेत मांडलं आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होईल अशी रास्त भीती असल्याने जो स्वदेशाबाहेर आहे आणि परत जाऊ शकत नाही, तो निर्वासित. कॉर्बेल परतले असते तर तुरुंगात गेले असते.

त्या हिशेबाने आपल्या बागांतले नेपाळी राखणदार आणि ट्रॉलरवरचे खलाशी निर्वासित नव्हेत. ते पोटासाठी येतात आणि हंगाम संपला की घरी जातात. दोन्ही गोष्टी एकात मिसळू नयेत असं मला मनापासून वाटतं. तसं केलं तर दोघांवरही अन्याय होतो.

वडील राजदूत, शिक्षण स्वित्झर्लंडमध्ये. मग हिचं कौतुक ते काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि तो योग्यच आहे.

कॉर्बेल कुटुंब रिकाम्या हाताने आलं, रिकाम्या डोक्याने नाही. वडिलांना भाषा येत होत्या, सरकारं कशी चालतात ते माहीत होतं, ओळखीपाळखी होत्या. डेन्व्हर विद्यापीठात त्यांना प्राध्यापकाची नोकरी मिळाली. तंबूत जन्मलेल्या, शाळा न पाहिलेल्या मुलीला हे काहीच मिळत नाही. तेव्हा ‘बघा, जिद्द असली की काहीही होतं’ असं जे ठोकून देतात ते मला पटत नाही. जिद्द छावणीत राहणाऱ्या लाखो मुलींकडे आहे. त्यांच्याकडे कागद नाहीत आणि शाळा नाही.

मला स्वतःला या गोष्टीत जास्त महत्त्वाचं वाटतं ते असं, की अमेरिकेच्या कायद्यात या कुटुंबासाठी एक दरवाजा होता, आणि त्यातून आत गेल्यावर पुढची पायरी कोणती हे स्पष्ट होतं. वडिलांनी फेब्रुवारी १९४९ मध्ये संयुक्त राष्ट्रांमधल्या अमेरिकी प्रतिनिधीला पत्र लिहिलं: परत गेलो तर अटक होईल, मला इथे राहू द्यावं, ही विनंती आपल्या परराष्ट्रमंत्र्यांपर्यंत पोचवावी. त्याच वर्षी आश्रय मिळाला. १९५७ मध्ये मुलगी नागरिक झाली, १९५९ मध्ये वेलस्ली कॉलेजातून पदवीधर. ज्या खुर्चीपुढे बापाने अर्ज केला त्या खुर्चीवर अठ्ठेचाळीस वर्षांनी लेक बसली. त्या अर्जावर निर्णयच झाला नसता, फाइल वर्षानुवर्षं पडून राहिली असती, तर हुशारी तेवढीच असूनही ही गोष्ट घडली नसती. कलेक्टर कचेरीत एखाद्या दाखल्यासाठी खेपा घातलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

घरसंसार, मुलं, आणि हे सगळं कसं जमवलं?

सरळ रेषेत नाही जमलं. पत्रकार व्हायचं होतं. लग्न १९५९ मध्ये झालं, नवराही पत्रकार. शिकागोतल्या एका संपादकाने तोंडावर सांगितलं की नवरा ज्या वृत्तपत्रात आहे तिथे तुला नोकरी मिळणार नाही आणि त्याच्या स्पर्धक वृत्तपत्रातही तू करू नयेस. दुसरं काहीतरी बघ. १९६१ मध्ये जुळ्या मुली झाल्या, दिवस भरण्याआधी, तब्येतीने अगदी नाजूक. हॉस्पिटलच्या त्या दिवसांत हिने रशियन भाषेचा वर्ग लावला. १९६७ मध्ये तिसरी मुलगी. घरातले उठायच्या आत, पहाटे, प्रबंधाचं काम चालायचं. कोलंबिया विद्यापीठाची पीएचडी मिळाली १९७६ मध्ये, म्हणजे पदवीनंतर सतरा वर्षांनी.

पहिली खरी सरकारी नोकरी त्यानंतरची: सिनेटर एडमंड मस्की यांच्या कार्यालयात. वय एकोणचाळीस. आमच्या गटातल्या एका वहिनींनी हे ऐकल्याबरोबर वयाचा आकडा वहीत लिहून घेतला. त्यांची धाकटी आता दहावीला आहे आणि त्यांना मुक्त विद्यापीठातून पदवी पुरी करायची आहे. पुढे अल्ब्राइटबाईंचे कोलंबियातले प्राध्यापक ब्रेझिन्स्की राष्ट्राध्यक्ष कार्टरचे सुरक्षा सल्लागार झाले, त्यांनी १९७८ मध्ये बाईंना आपल्या कचेरीत घेतलं. मग नवऱ्याने संसार मोडला. जॉर्जटाउन विद्यापीठात शिकवणं, निवडणुकांतल्या उमेदवारांना परराष्ट्र धोरणावर सल्ला, घरी अभ्यासकांच्या बैठका, असं दशक गेलं. १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटननी संयुक्त राष्ट्रांत राजदूत नेमलं, तिथून चार वर्षांनी मंत्रिपद.

भारताशी काही संबंध?

आहे, आणि बराच जुना. १९४८ मध्ये काश्मीर प्रश्नावर संयुक्त राष्ट्रांनी जो भारत-पाकिस्तान आयोग नेमला, त्यावर चेकोस्लोव्हाकियातर्फे योसेफ कॉर्बेल होते. मायदेशातली सत्ता पालटली त्याच वर्षीची ही गोष्ट. पुढे त्यांनी काश्मीरवर पुस्तकही लिहिलं. मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या तेव्हा लेक परराष्ट्रमंत्री होती, आणि अमेरिकेने आपल्यावर निर्बंध घातले. कॉर्बेल यांची डेन्व्हरमधली एक विद्यार्थिनी, कोंडोलीझा राइस, २००५ मध्ये अमेरिकेची दुसरी महिला परराष्ट्रमंत्री झाली. एका निर्वासित मास्तरच्या घरातून आणि वर्गातून दोघी.

मग राष्ट्राध्यक्ष का नाही झाल्या?

अमेरिकेच्या घटनेप्रमाणे राष्ट्राध्यक्ष जन्मतः नागरिक असावा लागतो. अध्यक्षपद अचानक रिकामं झालं तर क्रमाने उपाध्यक्ष, प्रतिनिधीगृहाचे सभापती, सिनेटचे हंगामी अध्यक्ष आणि मग परराष्ट्रमंत्री असा वारसा असतो. अल्ब्राइटबाई चौथ्या क्रमांकाच्या पदावर होत्या, पण त्यांना वगळून क्रम पुढे गेला असता.

आजी-आजोबांचं काय झालं? ते ज्यू होते असं वाचलं.

हो. आईवडिलांनी १९४१ मध्ये कॅथलिक धर्म स्वीकारला आणि मुलांना मूळ कधीच सांगितलं नाही. मंत्री झाल्या झाल्या, १९९७ मध्ये, एका पत्रकाराच्या शोधातून सगळं उघड झालं: घराणं ज्यू होतं, आणि चारपैकी तीन आजी-आजोबा नाझींच्या छळात मेले होते. साठीला टेकलेल्या बाईला हे वर्तमानपत्राकडून कळलं. ‘माहीत नव्हतं हे खोटं’ असं अनेकांनी म्हटलं. मला त्या आईबापांची भीती कळते. जीव वाचवून पोरं पलीकडे नेली की काही माणसं मागचं दार बंद करतात आणि त्याबद्दल बोलतच नाहीत.

त्यांच्या हातून चुकीचंही घडलं ना?

घडलं. आमच्या शाळेतल्या एका मुलीने हाच प्रश्न विचारला होता आणि मला तिचा अभिमान वाटला. इराकवर निर्बंध होते, तिथली मुलं औषधपाण्यावाचून मरताहेत असे अहवाल येत होते. १९९६ मध्ये दूरदर्शनच्या मुलाखतीत त्याबद्दल विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या की ही किंमत मोजण्यासारखी आहे. स्वतः युद्धात वाढलेल्या बाईच्या तोंडी हे शब्द आले. पुढे आत्मचरित्रात त्यांनी ते उत्तर भयंकर चूक होती असं लिहिलं, पण शब्द शब्दच राहिले.

दुसऱ्या बाजूला कोसोव्हो आहे, तेव्हा सर्बियाच्या ताब्यात असलेला प्रदेश. १९९९ मध्ये तिथून आठ लाखांहून जास्त अल्बेनियन लोकांना हुसकावून लावलं गेलं, आणि नाटो या पाश्चात्त्य देशांच्या लष्करी आघाडीने बळ वापरावं म्हणून बाईंनी सर्वांत जास्त जोर लावला. त्या बॉम्बफेकीतही सामान्य माणसं मेली. कोसोव्होत आज लोक त्यांना मानतात, सर्बियात शिव्या घालतात. निर्वासित असलं म्हणजे माणूस आपोआप दयाळू होत नाही, आणि पदावरच्या बाईला तिच्या दुःखाच्या नावाने सूटही देऊ नये. तिचं काम तपासावंच.

अशा आणखी कोणी आहेत का?

आहेत, आणि प्रत्येकीची वाट वेगळी.

माझ्या सगळ्यात आवडीच्या आहेत लाटव्हियाच्या वाइरा वीके-फ्रायबेर्गा. १९३७ मध्ये रीगा शहरात जन्म. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी सोव्हिएत फौजांपुढून पळून कुटुंब जर्मनीतल्या छावणीत आलं, तिथे तान्ही बहीण दगावली. १९४९ मध्ये मोरोक्को, १९५४ मध्ये कॅनडा. सोळाव्या वर्षी टोरंटोच्या बँकेत काउंटरवर नोकरी, जोडीला शिक्षण. माँट्रिअलमध्ये तीसहून अधिक वर्षं मानसशास्त्राच्या प्राध्यापक. आणि या सगळ्या काळात त्यांनी अभ्यास केला तो आपल्या मायबोलीतल्या ‘दाइना’ या लोकगीतांचा. चारचार ओळींची गाणी, बायकांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली, अगदी आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखी. देश नकाशावरून पुसला गेला होता, गाणी राहिली होती. १९९१ मध्ये लाटव्हिया स्वतंत्र झाला, १९९८ मध्ये बाई परतल्या आणि जून १९९९ मध्ये संसदेने त्यांना राष्ट्राध्यक्ष निवडलं. २००७ पर्यंत त्या पदावर होत्या. २००४ मध्ये लाटव्हिया नाटो आणि युरोपीय संघात गेला तो त्यांच्या कारकिर्दीत.

इल्हान ओमर यांची गोष्ट आजची आहे. १९८२ मध्ये मोगादिशूत जन्म, आई लहानपणीच वारली, वडील आणि आजोबांनी वाढवलं. सोमालियात यादवी पेटली तेव्हा मुलगी आठ वर्षांची. केनियात, मोंबासाजवळच्या छावणीत चार वर्षं. १९९५ मध्ये अमेरिका, २००० मध्ये नागरिकत्व. पक्षाच्या स्थानिक सभांना आजोबांना जायचं असायचं, त्यांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून नात दुभाषी म्हणून सोबत. राजकारणाची शाळा तीच. २०१६ मध्ये मिनेसोटा राज्याच्या विधिमंडळात आणि ३ जानेवारी २०१९ रोजी अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहात. सभागृहात डोकं झाकायला १८१ वर्षं बंदी होती, ती धार्मिक पेहरावापुरती त्याच वेळी उठली.

कॅनडात तर लागोपाठ दोन गव्हर्नर जनरल निर्वासित म्हणून आलेल्या होत्या: हाँगकाँगवर जपानचा कब्जा झाल्यावर १९४२ मध्ये तीन वर्षांची आलेली एड्रिएन क्लार्कसन, आणि हैतीतल्या हुकूमशाहीतून १९६८ मध्ये आलेली मिकाएल जाँ.

इतक्या वर पोचल्यावर ‘बाहेरची’ हा शिक्का जातो का?

नाही. जुलै २०१९ मध्ये, इल्हान ओमर निवडून आलेल्या खासदार असताना, उत्तर कॅरोलायनातल्या एका प्रचारसभेत ‘तिला परत पाठवा’ अशा घोषणा झाल्या. नागरिकत्व मिळून तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती.

आपल्याकडे ग्रामपंचायतीत बायकांना निम्म्या जागा २०११ पासून आहेत. सरपंच झालेल्या कितीतरी बायका लग्न होऊन दुसऱ्या गावाहून आलेल्या असतात. ‘ही काल आली, हिला गावातलं काय कळतंय’ हे वाक्य ग्रामसभेत मी स्वतः ऐकलं आहे, आणि ज्यांच्याबद्दल ते होतं त्या काकूंच्या लग्नाला तेव्हा वीसहून जास्त वर्षं झाली होती. त्या काही बोलल्या नाहीत, नळयोजनेची फाइल उघडून पुढचा विषय घेतला.

उलटंही घडतं ना? आपला थिबा राजा?

घडतं, आणि ते शेजारी रत्नागिरीतच घडलं. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये, राजा वारला १९१६ मध्ये. तो निर्वासित नव्हता, कैदी होता, पण देश त्याचाही गेला होता. त्याची एक नात रत्नागिरीतच राहिली, मराठीच बोलली, शेण्या थापून संसार चालवला आणि तिथेच म्हातारी झाली. राजवाडा बघायला जाणाऱ्यांनी तिचीही आठवण काढावी.

आमच्याकडच्या कायद्याने असं होऊ शकतं का?

एका बाबतीत आपली घटना अमेरिकेपेक्षा उदार आहे. राष्ट्रपती किंवा पंतप्रधान व्हायला भारताचं नागरिक असणं पुरतं, जन्मतः असायची अट नाही. आणि फाळणीत घरदार गमावलेल्यांना आपण सामावून घेतलं तेव्हा काय होऊ शकतं हे देशाने पाहिलं आहे: डॉ. मनमोहन सिंग आणि इंदरकुमार गुजराल, दोघेही आता पाकिस्तानात असलेल्या गावांतून आलेले. आपल्याच कोकण विभागातलं उल्हासनगर म्हणजे कल्याणजवळची लष्करी छावणी, सिंधहून आलेल्यांनी ती शहर करून दाखवली.

पण दाराशी पोचणं आज अवघड आहे. १९५१ च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. सर्वसाधारण नियमाने नागरिकत्वासाठी अर्जाआधी सलग बारा महिने आणि त्यापूर्वीच्या चौदा वर्षांतली अकरा वर्षं इथे कायदेशीर वास्तव्य लागतं. भारतीय नागरिकाशी लग्न केलेल्याला सात वर्षं. २०१९ च्या दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मसमुदायांच्या लोकांसाठी अकरा वर्षांची अट पाचवर आणली. मुसलमान त्यात नाहीत. आश्रय मागणाऱ्याला धर्म विचारू नये असं माझं मत आहे, गटात यावर दोन्ही बाजूंनी बोललं जातं.

“बागेतल्या त्या नेपाळी चेडवाक ह्यां जमात काय?” (त्या नेपाळी मुलीला हे जमेल का?)

एका आजींनी विचारलेला हा प्रश्न, आणि माझ्या दृष्टीने या पानावरचा सगळ्यात मोलाचा.

१९५० च्या करारामुळे नेपाळी माणूस इथे राहू शकतो, काम करू शकतो. मतदान करू शकत नाही, निवडणूक लढवू शकत नाही. ३ डिसेंबर २००४ नंतर इथे जन्मलेलं मूल आपोआप नागरिक होण्यासाठी निदान एक पालक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा लागतो. म्हणजे आईबाप दोघेही नेपाळी असतील तर ती मुलगी नेपाळचीच नागरिक राहते. पुढे इथेच स्थायिक झाली आणि रीतसर नागरिकत्व घेतलं, तर एकविसाव्या वर्षी ग्रामपंचायत आणि पंचविसाव्या वर्षी लोकसभा लढवायला तिला कोणी अडवू शकत नाही.

आम्ही गावात काय करू शकतो?

तिची शाळा तुटू न देणं. आंबा संपला की ही कुटुंबं गावी जातात आणि पावसाळा सरल्यावर येतात, तेव्हा पहिलं सत्र उलटलेलं असतं. शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या मुलाला उशिरा आलं म्हणून किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि वयाला साजेशा इयत्तेत बसवायचं असतं. झेडपीच्या शाळेत बाईंशी आधी बोलून ठेवा. बागेचा मालक सोबत गेला तर काम लवकर होतं, असा अनुभव आहे. जाताना शाळेचा दाखला घ्यायला सांगा.

मूल इथे जन्मलं असेल तर एकवीस दिवसांत ग्रामपंचायतीत किंवा जिथे बाळंतपण झालं त्या सरकारी रुग्णालयात नोंद करवून घ्या. आईबाप परदेशी असले तरी नोंद होते. त्या दाखल्याने नागरिकत्व मिळत नाही, पण पुढचा प्रत्येक अर्ज त्यावरूनच सुरू होतो. नावाचं स्पेलिंग आईबापाच्या ओळखपत्राशी ताडून घ्या. नेपाळी आडनावं आपल्याकडे हमखास चुकीची लिहिली जातात आणि दुरुस्तीला फार खेपा पडतात.